कॉलेजच्या शिस्तपालन समितीने बोलावलं तर: ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी

शिस्तपालन समितीसमोर उभं राहायची वेळ बहुतेकांवर एकदाच येते. त्यामुळे कोणालाच आधीचा अनुभव नसतो, आणि समोर बसलेल्यांना मात्र तो भरपूर असतो. मी ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात टी.वाय.ला (पदवीच्या शेवटच्या वर्षाला) असताना फेस्टच्या हाणामारीत माझं नाव घेतलं गेलं. प्रकरण मिटलं, पण तेव्हापासून कधी कळव्याची, कधी नेरुळची, कधी खारघरची मुलं-मुली फोन करून विचारत राहतात, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. समितीच्या खोलीत कोण किती छान बोललं यावर फारसं काही ठरत नाही. त्याआधी कागदावर काय गेलं आणि कशावर सही झाली, यावर ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने वाचा.

1. आधी बघा, प्रकरण कोणत्या समितीकडे आहे

कॉलेजात कमिट्या एकापेक्षा जास्त असतात आणि प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. चुकीचा नियम घेऊन भांडायला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत तुमचं कोणी ऐकेनासं होतं.

*साधा शिस्तभंग.* भांडण, तोडफोड, शिक्षकांशी हुज्जत, सोशल मीडियावरची पोस्ट. प्राचार्य शिस्तपालन समिती किंवा चौकशी समिती नेमतात. नियम कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत असतात, आणि प्रवेशाच्या वेळी तुम्ही न वाचता सही केलेल्या हमीपत्रात.

*कॉपी केस.* याला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 चं कलम 48 आणि मुंबई विद्यापीठाचा ऑर्डिनन्स 5050 (परीक्षेतल्या गैरप्रकारांबद्दलचा विद्यापीठाचा नियम) लागतो. परीक्षा कॉलेजने घेतलेली असेल तर समिती कॉलेजातच बसते. विद्यापीठाची असेल तर बोलावणं कलिन्याच्या परीक्षा भवनातून येतं. ठाण्याहून या की वाशीहून, कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. अर्धा तास हातात ठेवून निघा.

*रॅगिंग.* इथे हलगर्जीपणा अजिबात नको. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगबंदी कायदा आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2009 चे नियम, दोन्ही लागू होतात. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं, असं कायदा सांगतो. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढणं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश बंद. अशा प्रकरणात नाव आलं असेल तर हा लेख पुढे वाचण्याआधी वकिलाला भेटा, कारण कॉलेजला दिलेला तुमचा खुलासा पोलिसांच्या फाइलमध्ये जाऊ शकतो. आणि रॅगिंग तुमच्यावर झालं असेल, तर देशभराची हेल्पलाइन 1800-180-5522.

*लैंगिक छळाची तक्रार.* ही अंतर्गत तक्रार समितीकडे जाते, शिस्तपालन समितीकडे नव्हे. यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला मिळाली पाहिजे, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. समितीसमोर वकील आणता येत नाही. तक्रार करणारी मुलगी असो की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, समितीच्या शिफारशींवर तीस दिवसांत अपील करता येतं.

आणखी एक. नवी मुंबईत अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठं बरीच आहेत. त्यांचे परीक्षेचे आणि शिस्तीचे नियम स्वतःचे असतात. तिथे ऑर्डिनन्स 5050 दाखवून उपयोग नाही. तुमच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव काय आहे ते बघा आणि त्या विद्यापीठाचे नियम काढा. अकरावी-बारावीला तर यूजीसीचे नियमच लागू नाहीत.

2. पहिल्या दिवशी माफीनामा लिहून देऊ नका

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. स्टाफरूममध्ये बोलावतात, पुढ्यात कोरा कागद सरकवतात आणि मजकूरही सांगतात: "लिही, माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असं होणार नाही. खाली सही, रोल नंबर. विषय संपला." सांगणारे सर मनाने चांगले असू शकतात, त्यांना खरंच विषय संपवायचा असू शकतो. पण कागद फाइलला लागतो, महिन्याभराने सर बदलतात, फेस्टच्या खर्चावरून संस्थेत वाद होतो, आणि तोच कागद कबुलीजबाब म्हणून समितीच्या टेबलावर येतो. त्यात कोणती चूक, कधी, किती, काहीच लिहिलेलं नसतं. म्हणजे समितीला हवी ती चूक त्यात बसते.

काय म्हणायचं? आवाज न चढवता: "सर, मला जे सांगायचंय ते मी लेखी देतो. माझ्यावर काय आरोप आहे ते मला लेखी द्या आणि दोन दिवस वेळ द्या." एवढंच. कायद्याची कलमं तोंडावर फेकू नका. शिक्षकांना ते उद्धटपणाचं वाटतं आणि आरोपांच्या यादीत एक वाढतो.

दबाव फारच आला आणि लिहावंच लागलं, तर स्वतःच्या शब्दांत फक्त घडलेलं लिहा. शेवटी ही ओळ घाला: "मला अद्याप लेखी आरोप मिळालेला नाही. हे निवेदन मी आज दुपारी अमुक वाजता, अमुक सरांच्या सांगण्यावरून लिहीत आहे." मग कागदाचा फोटो काढा. फोन काढून घेतला असेल तर बाहेर आल्याबरोबर आठवेल तसा मजकूर स्वतःलाच ईमेल करा. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. चॅट दाखवण्यासाठी फोनचं लॉक उघडायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. कॉलेज म्हणजे पोलीस ठाणं नव्हे.

कॉपीच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी. तिथे वर्गातच साहित्य जप्त होतं, त्याच्या यादीवर तुमची सही घेतात, निवेदन आणि हमीपत्र लिहून घेतात. तुम्ही नकार दिलात तर सुपरवायझर तशी नोंद करतात. चिठ्ठी तुमच्याजवळ सापडलेलीच नसेल तर सहीशेजारी "हे साहित्य माझ्याकडे सापडलेले नाही" असं स्पष्ट लिहा. बाकाखाली पडलेली चिठ्ठी आणि खिशातली चिठ्ठी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठे सापडली हे निवेदनात आलंच पाहिजे.

आता, चूक खरंच झाली असेल तर? मग कबूल करायला हरकत नाही, उलट शिक्षा त्याने बऱ्याचदा हलकी होते. फक्त ती कबुली नोटीस वाचल्यावर, नेमक्या तेवढ्याच गोष्टीपुरती आणि घरी बसून लिहिलेली असू द्या.

3. नोटीस मागा, आणि मिळाली की नीट वाचा

शिक्षा करण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याला ऐकून घ्यायचं, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम. परीक्षेतल्या गैरप्रकारांना तो लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाविरुद्धच्या घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सांगितलं. मुलांना न विचारता रद्द केलेले निकाल तिथे टिकले नाहीत. आणि आरोप काय हे सांगितलंच नाही तर ऐकून घेण्याला काही अर्थ उरत नाही.

नोटिशीत या गोष्टी शोधा: घटनेची तारीख, वेळ, जागा, तुम्ही नेमकं काय केलं असं म्हणणं आहे, कोणता नियम मोडला, पुरावा काय, समितीत कोण, सुनावणी कधी. प्रत्यक्षात बहुतेक नोटिसांत "आपल्या गैरवर्तनाबाबत" एवढंच असतं, किंवा नोटीसच नसते, शिपाई येऊन "उद्या अकरा वाजता पालकांना घेऊन या" सांगून जातो.

तसं झालं तर त्याच दिवशी प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या: "मला दिलेल्या सूचनेत आरोपाचा तपशील नाही. कृपया तक्रारीची प्रत, साक्षीदारांच्या निवेदनांच्या प्रती आणि समिती सदस्यांची नावे मिळावीत, तसेच त्या मिळाल्यापासून खुलाशासाठी सात दिवस मिळावेत." त्याच अर्जात लिहा की अमुक जिन्यावरचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. ते काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, आणि नंतर "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंच खरं असतं.

अर्ज दोन प्रतींत. एक आवक खिडकीवर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. खिडकीवरच्या बाई चष्म्यावरून बघून म्हणतील, "ठेव इथे, मॅडमना दाखवते." ठेवू नका. "पोच द्याल का" म्हणून तिथेच थांबा; दुपारी जेवणाची सुट्टी झाली तरी थांबा. अगदीच नाही म्हणाल्या तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टने टाका. पावती आणि ऑनलाइन ट्रॅकिंगमधलं पोहोचल्याचं पान, दोन्ही ठेवा.

समितीत तक्रारदार शिक्षकच बसले असतील तर सुनावणीआधीच लेखी हरकत घ्या. फिर्यादीनेच न्यायाधीश व्हायचं नसतं. ही हरकत निकाल लागल्यावर पहिल्यांदा काढलीत तर "तेव्हा का गप्प होतात?" हा प्रश्न येणारच.

4. फाइलमध्ये काय हवं

– नोटीस, तिचं पाकीट किंवा ज्या मेसेजवर आली त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट
– तुमचे सगळे अर्ज, पोचेसह
– कॉलेजची माहितीपुस्तिका आणि आचारसंहिता
– ओळखपत्र, प्रवेशाची पावती, त्या दिवसाची हजेरी
– मार लागला असेल तर सिव्हिल किंवा पालिका रुग्णालयाचा केसपेपर
– तुमच्या बाजूने बोलणाऱ्यांची सही-तारखेची निवेदनं
– व्हॉट्सअॅप ग्रुपचा पूर्ण चॅट. आपल्याला नडणारे मेसेज उडवू नका, दुसऱ्या वीस जणांकडे ते असतातच

कॉपी केस असेल तर हॉल तिकीट आणि त्या पेपरची प्रश्नपत्रिका सांभाळा. चिठ्ठीवरच्या मजकुराचा प्रश्नपत्रिकेशी संबंध होता की नाही, हा मुद्दा पुढे निघतो.

मूळ गुणपत्रिका, दाखले कोणालाही "तात्पुरते" देऊ नका.

5. खुलासा लिहिताना

खुलासा हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद. दोन पानांच्या वर नको. मराठीत लिहिला तरी चालतो, आणि ज्या भाषेत तुम्हाला नेमकं लिहिता येतं तीच चांगली. इंग्रजीत भारदस्त लिहायच्या नादात "आय अॅम इनव्हॉल्व्हड" लिहून बसलेले मी पाहिलेत. त्यांना म्हणायचं होतं की मी तिथे हजर होतो.

क्रम असा ठेवा. आधी संदर्भ: नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख. मग आरोप जसा आहे तसा, एका वाक्यात. मग तुमची बाजू, वेळेच्या क्रमाने. उदाहरण द्यायचं तर: "सायं. 7.40 वाजता मी स्टेजमागे साउंडवाल्यांचे पैसे देत होतो, त्याची यूपीआय नोंद सोबत जोडली आहे. आवाज ऐकून 7.45 च्या सुमारास मी पार्किंगकडे गेलो. मी कोणालाही मारले नाही. मी दोघांना बाजूला करत होतो, हे अमुक आणि अमुक यांनी पाहिले आहे." यात विशेषण एकही नाही. "माझ्यावर घोर अन्याय होत आहे" हे वाक्य कितीही खरं असलं तरी समितीच्या डोळ्यांखालून सरकून जातं; यूपीआयच्या नोंदीतली वेळ मात्र तिथे थांबवते.

दुसऱ्याचं नाव घेताना जपून. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. "सगळ्यांना माहितीये की राडा कोणी सुरू केला" असं लिहिलंत तर तुमच्याविरुद्ध नवी तक्रार तयार.

शेवटी मागणी लिहा: आरोप मागे घ्यावा, किंवा चूक मान्य असेल तर पहिलाच प्रसंग आहे म्हणून समज देऊन सोडावं. आणि "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे, साक्षीदार म्हणून पुढील व्यक्तींना बोलवावे" हे विसरू नका. न मागता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

6. सुनावणीच्या दिवशी

तुम्ही अठरा वर्षांचे असलात तर कायद्याने सज्ञान आहात, तरी आई-बाबांना घेऊन जायला लाजू नका. फक्त त्यांना आदल्या रात्री सगळं खरं सांगा. समितीसमोर बाबांना पहिल्यांदा कळतंय आणि ते तिथेच मुलावर ओरडतायत, अशाने प्रकरण हातचं जातं. वकील आत घ्यायचा की नाही हे कॉलेजचे नियम ठरवतात, आणि बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. कॉपीच्या समितीसमोर तर विद्यार्थ्यानेच स्वतः बोलायचं असतं. म्हणून वकिलाचा सल्ला आधी घ्या, खुलासा लिहिताना.

सिनेमासारखी उलटतपासणी करायला मिळेल असं डोक्यात ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या हिरानाथ मिश्रा प्रकरणात मुलींच्या वसतिगृहातल्या तक्रारदारांची निवेदनं आरोपी मुलांच्या गैरहजेरीत नोंदवणं चालवून घेतलं होतं. त्या मुली समोरासमोर आल्या तर त्यांना त्रास होईल हे कारण होतं. सामूहिक कॉपीत परीक्षा केंद्राचाच निकाल रद्द होतो तेव्हा प्रत्येकाला वेगळी नोटीस लागत नाही, हेही 1970 च्या बिहारच्या प्रकरणात ठरलंय. तेव्हा साक्षीदाराला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून अध्यक्षांकडे द्या आणि त्यांच्यामार्फत विचारायची विनंती करा. नाकारलं तर तो कागद पोचेसह तुमच्या फाइलला.

बाहेर पडण्याआधी इतिवृत्तावर, म्हणजे सुनावणीत काय झालं त्याच्या नोंदीवर, सही मागतात. पूर्ण वाचा. खाली मोकळी जागा असेल तर सहीच्या वर आडवी रेघ मारा. तुमचं म्हणणं चुकीचं उतरलं असेल तर शेजारी दुरुस्ती लिहून मग सही करा. "नंतर टाईप करून घेऊ, आता नुसती सही कर" याला उत्तर एकच: टाईप झाल्यावर बोलवा, मी येतो.

7. निकाल, निलंबन आणि हॉल तिकीट

निकाल लेखी आणि कारणांसह मागा. कोणता आरोप सिद्ध झाला, कशावरून, आणि शिक्षा एवढीच का, हे त्यात असायला हवं. चौकशी चालू असताना केलेलं निलंबन ही शिक्षा नसते, पण ते मुदतीशिवाय लांबवलं तर शिक्षाच होते. "पुढील आदेशापर्यंत" असं लिहिलं असेल तर मुदत विचारणारा अर्ज लगेच द्या, आणि बुडालेल्या हजेरीचं काय तेही त्यातच विचारा.

बाजू न ऐकता काढून टाकलं असेल तर वेळ घालवू नका. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने सोशल मीडियावरच्या पोस्टवरून 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला तडकाफडकी काढलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीकालीन खंडपीठाने तो आदेश स्थगित केला, तिला परीक्षेला बसता यावं म्हणून. परीक्षा तोंडावर असेल आणि हॉल तिकीट अडवलं असेल तर न्यायालय तातडीने ऐकतं, पण पेपरच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर त्यांच्याही हातात फार काही नसतं.

8. कॉलेजच्या वर कुठे जायचं

यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली किमान एक व्यक्ती हवी, आणि विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून. संस्थेने स्वतःचेच नियम मोडून कारवाई केली, कागदपत्रं अडवून ठेवली, भेदभाव केला, हे सगळे तक्रारीचे विषय आहेत. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. इथे तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा प्रतिनिधी नेमू शकता.

समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. लोकपाल म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरचं अपील ऐकणारा अधिकारी; तो कॉलेजात नसतो, कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्याचा असतो. त्यांनी तीस दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. तक्रार खोटी किंवा उगाच केलेली निघाली तर तुमच्यावरच कारवाईची शिफारस होऊ शकते, तेव्हा रागाच्या भरात चार जास्तीचे आरोप घालू नका. रॅगिंगच्या शिक्षेवरचं अपील मात्र कुलगुरूंकडे जातं.

पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात, म्हणजे कोकण विभागाच्या, निवेदन देता येतं. तिथून कॉलेजला पत्र जातं, कधीकधी तेवढ्याने काम होतं. पण त्याची वाट बघत लोकपालांचे पंधरा दिवस घालवू नका.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर. अनुदानित आणि सरकारी कॉलेजला थेट. विनाअनुदानित कॉलेज टाळाटाळ करत असेल तर विद्यापीठाकडे गेलेला पत्रव्यवहार विद्यापीठाकडून मागा.

9. वकिलाची फी परवडत नसेल तर

ठाण्यात कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मुली आणि अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. फोनवर विचारायचं तर 15100. जाताना आधार, जातीचा किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि वरच्या फाइलची झेरॉक्स न्या. मूळ फाइल घरीच ठेवा. प्रकरण उच्च न्यायालयात न्यायचं असेल तर तसं पहिल्याच भेटीत सांगा, कारण तिथल्या विधी सेवा समितीकडे अर्ज वेगळा करावा लागतो.